अनुभवी नवशिके पाहिजेत

मा. अध्यक्ष महोदय,
संशोधन प्रशिक्षणार्थी निवड समिती,
बेंगळुरू



आपल्या उत्तराची वाट पाहणं मी आता थांबवलं आहे. आपल्यामागे कामांचा व्याप मोठा, त्यात माझ्यासारखीला दोन ओळी लिहायला आपल्याला कुठून सवड मिळणार? म्हणून मीच लिहिते. निवड न झालेल्यांना कळवण्याची आपल्याकडे पद्धत नाही, एवढं आपल्या कार्यालयातल्या लेखनिकांनी फोनवर सांगितलं. त्यांचे आभार. मुलाखतीनंतर आपल्या संस्थेकडून मला कळलेली ती एकच गोष्ट.

पत्र खुलं लिहिते आहे, याबद्दल क्षमा असावी. बंद पाकिटातून पाठवलेला माझा अर्ज आपल्या टेबलावर पोहोचूनही वाचला गेला नव्हता, हे मुलाखतीत दिसलं. उघडं पत्र निदान दुसरं कुणी तरी वाचेल. संस्थेचं नाव मात्र घेत नाही. आपल्यासारखे अध्यक्ष या देशात पुष्कळ आहेत, सगळा मान एकट्या आपल्याच पदरात पडावा हे बरं दिसणार नाही.

अर्जात होतं तेच पुन्हा सांगते. मी डॉक्टर आहे. साडेचार वर्षांचा एमबीबीएसचा अभ्यास, वर्षभराची इंटर्नशिप आणि त्यानंतर कर्नाटकच्या कायद्याप्रमाणे वर्षभराची सक्तीची ग्रामीण सेवा, एवढं माझ्या नावावर आहे. गाव खानापूर तालुक्यातलं. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड, दवाखान्यात रुग्ण बोलेल ती भाषा. सध्या बसवनगुडीत मावशीकडे राहते, गांधी बाजाराच्या मागच्या बाजूला. आले ती संशोधन शिकण्यासाठीच.

सर्वप्रथम आपल्या जाहिरातीबद्दल कृतज्ञता व्यक्त करते. पदाचं नाव ‘संशोधन प्रशिक्षणार्थी (वैद्यकीय)’. अर्हता एमबीबीएस आणि वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी. हेतू, नव्याने पदवी घेतलेल्या डॉक्टरांना संशोधनाची ओळख करून देणं. इथवर वाचून मी मावशीला हाक मारली. मग खालची ओळ दिसली. संशोधनाचा किमान दोन वर्षांचा अनुभव अनिवार्य. मान्यताप्राप्त नियतकालिकात पहिला लेखक म्हणून निबंध प्रसिद्ध झालेला असल्यास प्राधान्य.

महोदय, आपली दूरदृष्टी थोर. ज्याला येतं त्यालाच शिकवायचं ठरवलं की शिकवण्याचे कष्टच उरत नाहीत. माझी फक्त हात जोडून एक विनंती आहे. नव्या डॉक्टरने ही दोन वर्षं कुठून आणायची, तेवढं जाहिरातीत छापा. इंटर्न असताना आम्ही वॉर्डात सलाइन लावत असतो, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवत असतो, रात्री अपघात विभागात टाके घालत असतो. ग्रामीण सेवेत प्राथमिक आरोग्य केंद्राचा सगळा भार एकटीवर असतो. या सगळ्यात आम्ही शेकडो रुग्ण पाहतो, पण ते आपल्या मोजमापात बसत नाही.

आपण विद्वान आहात, त्यामुळे डॉ. समीरण नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या वाचनात असणारच. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती निबंध प्रसिद्ध केले, ते त्यांनी मोजलं. ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही निबंध नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था होत्या २५, आणि देशातलं ४० टक्के वैद्यकीय संशोधन त्या २५ जणींचंच होतं.

आता याच्या शेजारी आपली अट ठेवून पाहा. देशातल्या निम्म्याहून अधिक वैद्यकीय संस्थांत दहा वर्षांत कुणीच काही लिहिलं नाही, आणि तिथे शिकलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीकडे आपण निबंध मागता. आमच्या प्राध्यापकांनी आम्हाला पाठ्यपुस्तक मन लावून शिकवलं, रुग्णाच्या पोटावर हात कसा ठेवायचा ते शिकवलं. नवा प्रश्न कसा मांडायचा, नोंदी कशा ठेवायच्या, आकड्यांतून काय निघतं आणि काय निघत नाही, हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. ही पिढ्यान्‌पिढ्यांची उणीव भरून काढण्यासाठीच तर आपल्या संस्थेला ही जागा मंजूर झाली होती. ती आपण त्या २५ संस्थांतून आलेल्यांसाठी राखून ठेवलीत, याबद्दल बाकीच्या सर्वांतर्फे आभार.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या प्रकल्पासाठी विद्यावेतन देते. योजना फार चांगली. तिला मार्गदर्शक लागतो. मी दुसऱ्या वर्षाला असताना एकेका विभागाचं दार ठोठावत फिरले. सही करायला कुणाचीच ना नव्हती, मार्गदर्शन करायला कुणालाच वेळ नव्हता. हे सांगायचं कारण, मुलाखतीत आपण विचारलंत, ‘कॉलेजात असताना काय केलंत?’ आणि मी तोंड उघडायच्या आत पान उलटलंत. उत्तर राहून गेलं होतं, ते आता दिलं.

निबंधाच्या अटीमुळे आपण किती जणांची पोटं भरता, याची आपल्याला कल्पना नसेल. पैसे भरले की आठवड्याभरात निबंध छापून देतो, असे संदेश आम्हा नव्या डॉक्टरांच्या फोनवर सतत येत असतात. माझ्या एका वर्गमित्राचं नाव अशा निबंधावर आहे, ज्यातला रुग्ण त्याने कधी पाहिलेला नाही. अर्जांच्या छाननीत त्याला निबंधाचे गुण मिळाले, मला शून्य. आपण ते नियतकालिक एकदा उघडलं असतंत तरी पुरे होतं. पहिल्याच पानावर वाक्यांना धड व्याकरण नाही.

मी पैसे भरून नाव छापून घेतलं नाही. घेणारही नाही. डॉक्टर ज्या कागदावर सही करतो त्यावर कुणाचा तरी जीव विसंबून असतो, हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलं गेलं आणि मी ते खरं मानते. संशोधनाच्या दाराशीच खोटं बोलायला लावणारी अट आपण घातलीत, तर आत आलेला माणूस पुढे आकडे खरे लिहील अशी खात्री आपण कशाच्या जोरावर बाळगता?

आपल्या वेळेच्या नियोजनाचेही मनापासून कौतुक. मुलाखतीची सूचना शुक्रवारी संध्याकाळी, मुलाखत सोमवारी सकाळी ९ वाजता. सोबत मूळ कागदपत्रं आणि स्वसाक्षांकित छायाप्रतींचे दोन संच. प्रवासखर्च मिळणार नाही. मी तर बसवनगुडीतच होते, आणि ओळखीच्या झेरॉक्सवाल्यांनी रविवारी दुकान उघडून प्रती काढून दिल्या. पण रांगेत रायचूरचा एक मुलगा होता. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आलेली एक मुलगी होती. ९ ची मुलाखत दुपारी सुरू झाली, कारण आपण बैठकीत होतात. ती मुलगी तोवर उपाशी बसून होती. खायला बाहेर जावं आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं तर काय, ही भीती.

आपण देऊ केलेली मुदत सहा महिन्यांची, आणि तीही कोणतंही कारण न देता केव्हाही संपवता येईल अशी. बेंगळुरूत घर भाड्याने घ्यायचं तर दहा महिन्यांचं भाडं अनामत ठेवायची जुनी रीत आहे. सहा महिन्यांच्या कामासाठी दहा महिन्यांची अनामत! मानधन ‘संस्थेच्या नियमांनुसार’. केंद्र सरकारने कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये केली, आणि ती एमएस्सी झालेल्या मुलांनाही मिळते. आपला आकडा मी विचारला, तो त्याहूनही खाली निघाला.

रायचूरच्या त्या मुलाने फाटकाबाहेर उभं राहून हिशेब मांडला. भाडं, अनामत, जेवण, घरी पाठवायचे पैसे. मग म्हणाला, एखाद्या खासगी रुग्णालयात रात्रपाळी केली तर याच्या दुप्पट सुटतील. तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला. त्याला रायचूरच्या उन्हाळ्यात शेतमजुरांची मूत्रपिंडं का बिघडतात, ते शोधायचं होतं. चांगला प्रश्न होता, महोदय. आपण तो ऐकलाच नाहीत. या शहरात ज्याचं स्वतःचं घर आहे, किंवा माझ्यासारखी बसवनगुडीत मावशी आहे, त्यालाच परवडेल अशी ही जागा आहे. गुणवत्तेची चाळणी लावण्याआधी आपण ही चाळणी लावता, आणि तिचा उल्लेख जाहिरातीत नसतो.

मुलाखतीत आपण दाखवलेली आपुलकी मी विसरणार नाही. पहिलाच प्रश्न, लग्न ठरलं आहे का. वडीलकीच्या नात्याने विचारलंत असं आपण म्हणालात. माझ्याआधी आत जाऊन आलेल्या कुठल्याही मुलाला हा प्रश्न विचारला गेला नव्हता. मी बाहेर येऊन एकेकाला विचारलं. बेळगावच्या मुलीला विचारला होता. आमच्या एमबीबीएसच्या वर्गात निम्म्या मुली होत्या. त्या सगळ्यांना आपण वडीलकीच्या नात्याने संशोधनाबाहेर ठेवत आहात.

दुसरा प्रश्न, नीट-पीजी देणार का. ‘देणार’ म्हटलं तेव्हा आपण म्हणालात, मग तुम्ही अर्ध्यात सोडून जाणार, आमचा वेळ फुकट. ‘यंदा नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, तेही मला कळलं, कारण बेळगावच्या मुलीने तेच उत्तर दिलं होतं. तिला आपण म्हणालात, एमडी करायची धमक नाही म्हणून इकडे आलात का? दोन्ही उत्तरं चुकीची असतील असा प्रश्न शोधून काढणं सोपं नाही.

दरवर्षी दोन लाखांहून अधिक डॉक्टर ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देतात. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. २२ च्या रात्री ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, आणि झाली ११ ऑगस्टला. २०२५ ची १५ जूनवरून ३ ऑगस्टवर गेली. परीक्षेची तारीख ती घेणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसते, आणि तिच्यावरून आपण आमची निष्ठा जोखता. उलट ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षांचं फाउंडेशन प्रशिक्षण असतं. त्यातल्या काही जागांवर संशोधनासाठी बहुधा चार महिने वेगळे काढून दिलेले असतात. तो डॉक्टर वॉर्डही करतो, संशोधनही शिकतो, आणि पुढच्या विशेष प्रशिक्षणाची वाटही त्याला बंद होत नाही. तिथेही चुरस असते, तिथेही निराशा असते. पण एक दार उघडायचं तर दुसरं कायमचं लावून ये, असं त्याला कुणी सांगत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी आले होते, ती. आपण विचारली नाहीत, तरी ऐकून घ्यावी ही प्रार्थना.

ग्रामीण सेवेत मी आमच्याच तालुक्यात, घाटाच्या कडेला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पाऊस सुरू झाला की भाताच्या खाचरांतून सर्पदंशाचे रुग्ण यायला लागतात. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला कसलंही यंत्र लागत नाही. रुग्णाचं दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, हात न लावता वीस मिनिटं ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायचं. रक्त गोठलं नसेल तर एएसव्ही, म्हणजे सर्पदंशावरची लस, ताबडतोब सुरू करायची. मुलांनाही मोठ्यांएवढाच डोस, कारण सापाने विष वयाचा हिशेब करून सोडलेलं नसतं.

या चाचणीचा सगळा भार त्या नळीवर आहे. काच हवी, प्लास्टिक चालत नाही. साबणाच्या पाण्याने धुतलेली नळी चालत नाही. आमच्या केंद्रातल्या काचेच्या नळ्या संपल्या होत्या आणि प्लास्टिकच्या कुप्या भरपूर होत्या. एका रात्री आलेल्या शेतकऱ्याचं रक्त मी दोन्हींत घेतलं, एक प्लास्टिकच्या कुपीत आणि एक मी माझ्या पैशाने आणून ठेवलेल्या काचेच्या नळीत. वीस मिनिटांनी दोन्हींनी वेगळं उत्तर दिलं. काचेतलं रक्त गोठलं होतं, प्लास्टिकमधलं वाहत होतं. एकच माणूस, एकच वेळ.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे. आमच्या तालुक्यातल्या किती केंद्रांत ही चाचणी योग्य नळीत होते? किती रुग्णांना नको असताना लस दिली जाते, आणि तिची रिअ‍ॅक्शन कधी कधी जीवावर बेतते? वीस मिनिटं थांबायला धीर नसल्याने, किंवा नळी हलवून बघितल्याने, किती जणांच्या बाबतीत निदान चुकतं? पहिला डोस न देताच किती जणांना ‘वरच्या’ दवाखान्यात पाठवलं जातं आणि वाटेत काय होतं? या प्रश्नाला महागडी प्रयोगशाळा नको. एक वर्ष, नोंदवह्या, काचेच्या नळ्यांची खोकी आणि नीट मोजायला शिकवणारं कुणी तरी, एवढं पुरे आहे. त्या शिकवणाऱ्याला शोधत मी आपल्या दारात आले होते.

प्रश्न लहान आहे असं आपल्याला वाटलं असेल. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. मरणारे बहुतेक खेड्यांतले. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, देशात सर्वांत आधी, सर्पदंश अधिसूचित आजार ठरवला; त्याची नोंद सरकारला कळवणं आता बंधनकारक आहे. केंद्र सरकारने त्याच वर्षी २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. म्हणजे सरकारला आकडे हवे आहेत. आकडे गोळा करायला माणूस तयार आहे. मध्ये आपण आहात.

आणखी एक. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. त्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा जमातीतल्या साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेतून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, आणि काही भागांत ही लस कमी पडते, हे याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. घाटातला चापडा साप तर या चौघांत नाहीच. त्याच्या दंशावर आम्ही काय करायचं? खानापूरच्या जंगलाकाठचा डॉक्टर हा प्रश्न रोज बघतो. बेंगळुरूची प्रयोगशाळा त्याचं उत्तर शोधू शकते. या दोघांना एका टेबलाशी बसवणं हेच तर आपल्या समितीचं काम होतं.

मुलाखत संपवताना समितीतल्या एका सन्माननीय सदस्यांनी माझी समजूत घातली. म्हणाले, तुम्ही महाराष्ट्रीय ना, तुमच्या बावस्करांचं उदाहरण घ्या, त्यांना कुठे जागा मिळाली होती? डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव त्या खोलीत निघालं, याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. त्यांनी १९७६ पासून महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरताना पाहिली, प्रत्येकाची लक्षणं टिपून ठेवली, आणि १९८२ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिन हे साधं औषध वापरून त्यांनी चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्यावर आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण त्यांचं नाव आपण कशासाठी घेतलंत? एका माणसाने सगळं उलटं असताना करून दाखवलं, म्हणून बाकीच्यांनाही सगळं उलटंच असू द्यायचं? बिरवाडीत त्यांनी जे रात्रंदिवस सोसलं ते प्रत्येक नव्या डॉक्टरने सोसावं अशी अपेक्षा ठेवली, तर दर पन्नास वर्षांनी आपल्याला एक बावस्कर मिळेल. मधल्या काळात मरणाऱ्यांची जबाबदारी कुणाची? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची गोष्टही लक्षात घ्या. ते आधी जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले, १९८४ मध्ये तिथली पदवी घेतली, आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे अनेक देशांनी तो उचलला. तळमळ त्यांच्याकडे आधीपासून होती. मोजायचं कसं, हे त्यांना कुणी तरी शिकवलं. मी तेवढंच मागायला आले होते, आणि त्यासाठी मला अमेरिकेला जायला लागू नये अशी माझी इच्छा आहे.

आपल्यासाठी बसवनगुडीचीही थोडी माहिती देते, कारण आपली गाडी रोज इथूनच जाते असं आपण म्हणालात. ही वस्ती १८९० च्या दशकात आखली गेली, आणि १८९८ साली बेंगळुरूत प्लेग आला तेव्हा जुन्या पेठेतली दाटीवाटी सोडून लोक इथल्या रुंद रस्त्यांवर राहायला आले. मुंबईत प्लेग त्याच्या दोन वर्षं आधी पोहोचला होता. तिथे ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच्या नावाची परळची संस्था पुढे सर्पदंशावरची लसही बनवू लागली. माझ्या केंद्रातल्या फ्रीजपर्यंत येणाऱ्या लशीची वंशावळ अशी या प्लेगपर्यंत जाते.

बेंगळुरूच्या प्लेगात राबलेल्यांत डॉ. पद्मनाभन पल्पू होते. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते आपल्या त्रावणकोर संस्थानात नोकरी मागायला गेले, तेव्हा एळवा जातीचे म्हणून त्यांना नाकारलं गेलं. म्हैसूर संस्थानाने त्यांना घेतलं. १८९८ मध्ये माणसं शहर सोडून पळत असताना ते प्लेगच्या छावण्यांत काम करत होते. त्रावणकोरच्या ज्या अधिकाऱ्यांनी त्यांचा अर्ज परत पाठवला, त्यांच्याकडेही नियम होते, मसुदा चोख होता आणि सही ठळक होती. नुकसान त्रावणकोरचं झालं. आपलं नुकसान कुणाच्या पदरात पडतं आहे, ते आपण मोजत नाही, कारण परत पाठवलेल्या प्रश्नांची नोंदवही आपण ठेवत नाही.

पैसा नाही, असं कृपया म्हणू नये. याच शहरात २०२२ साली बागची आणि पार्थसारथी या दोन दांपत्यांनी भारतीय विज्ञान संस्थेला ४२५ कोटी रुपये दिले, ८०० खाटांचं रुग्णालय आणि वैद्यकीय विद्यालय उभं राहावं म्हणून. तिथे डॉक्टर आणि संशोधक एकाच माणसात घडवायचं ठरलं आहे. ज्यांचा वैद्यकशास्त्राशी संबंध नाही अशा चार माणसांना जे उमगलं, ते आयुष्यभर वैद्यकशास्त्र शिकवलेल्या आपल्याला उमगावं, एवढी अपेक्षा मी ठेवली होती.

निवड कुणाची झाली, ते मला ठाऊक आहे. आपल्याच प्रकल्पावर आधीपासून काम करणाऱ्या सहकाऱ्याची. जाहिरातीतल्या ‘इष्ट’ या शीर्षकाखालच्या ओळी इतक्या बारकाईने लिहिल्या होत्या, की राज्यभरात त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाला लागू पडल्या नसत्या. माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांची सहा महिन्यांची मुदत संपत होती आणि आपण त्यांनाही आमच्यासोबत रांगेत बसवलं होतंत. घामाने त्यांची फाईल ओली झालेली मी पाहिली. त्यांचं काम चांगलं आहे तर त्यांना सरळ मुदतवाढ द्यायला हवी होती. आम्हाला रायचूर-बेळगावहून साक्षीदार म्हणून बोलवायची गरज नव्हती.

मला ती जागा द्या, अशी विनवणी आता करत नाही. पुढच्या वेळी जाहिरात काढाल तेव्हा अनुभवाची अट काढून टाका आणि तिच्या जागी लिहा, ‘आपण पाहिलेल्या एखाद्या रुग्णाने आपल्याला कोणता प्रश्न दिला, ते एका पानात लिहून आणा.’ ते पान मुलाखतीआधी वाचा. मुदत वर्षाची ठेवा, मानधन छापून सांगा, लग्नाचं विचारू नका. आणि नाकारायचं असेल तर नाकारल्याचं कळवा. आम्ही रुग्णाच्या नातेवाइकांना याहून कठीण गोष्टी समोर उभं राहून सांगतो.

माझं ते एक पान या पत्रासोबत पुन्हा जोडते आहे. बी. पी. वाडिया रस्त्यावरच्या वाचनालयात बसून मी ते नव्याने लिहून काढलं आहे. कुठल्या केंद्रांत जायचं, काय मोजायचं, किती नळ्या लागतील, सगळं त्यात आहे. माझं नाव खाली आहे, ते हवं तर खोडा. प्रश्न कुणाचा होता हे कळलं नाही तरी चालेल. आपण ज्यांना निवडलंत त्यांच्या हाती हे पान द्या, किंवा दुसऱ्या कुणाच्या. पण मे संपायच्या आत कुणाला तरी काचेच्या नळ्या घेऊन खानापूरला पाठवा. जूनमध्ये पाऊस सुरू होतो.

कळावे,

आपली नम्र,
एक नवी डॉक्टर
बसवनगुडी, बेंगळुरू